बाबा खंदकात उतरत नाहीत

लुंगा, ग्वाडलकनाल
१७ जानेवारी १९४३

अरुमाए दादास,

एनोस मास्तर, आधी तुमच्याशी बोलतो. दादाला अक्षर येत नाही, तेव्हा हे पत्र तुम्हीच वाचणार. मधले काही गाळू नका. मागचे पत्र तुम्ही फक्त खुशालीपुरते वाचलेत आणि उरलेले खोकून घालवलेत, असे बोटीवरचा फुनु सांगत होता. तुमचा घसा खराब असेल तर आधी पाणी प्या. ओसरीवर माणसे बसली असली तर बसू द्या.

दादा, तू विचारले नाहीस तरी कळवतो. बाबा जिवंत आहेत.

सरकारी साहेबाने फौजेच्या हमालीसाठी माणसे मागितली तेव्हा मुखिया म्हणून तू पहिले नाव स्वतःच्या बापाचे सांगितलेस. म्हणालास, "मुखियानं आपलं घर राखलं असं कुणी म्हणायला नको." घर राखलेस की. बायकोचा भाऊ राखलास. तिकडे ओमा तुझ्या दारात पाय पसरून सुपारी चघळतो आणि इकडे पूर्वजांना हाक मारणारा म्हातारा पेट्रोलची पिंपे लोटतो. डॉक्टरने त्यांचे दात पाहिले. दात चुन्याने आणि पानाने काळे, पण सगळे जागेवर. म्हणाला, चालेल. वय बाकी कोणी विचारले नाही. मी मिशनची शाळा अर्धी टाकून त्यांच्या मागोमाग आलो, कारण कोणीतरी यायला हवे होते आणि ते तू नव्हतास.

आता मुद्दा. इथे जपान्यांची विमाने येतात. भोंगा वाजला की नारळीच्या रांगांमधल्या खंदकांत सगळे उड्या टाकतात. पहिली उडी माझी असते. फुनुने तेही सांगितले असेल, सांगू दे. खंदक अरुंद, माणसे फार. मागून येणारा आधीच्यांच्या डोक्यांवरून पाय टाकतच आत शिरतो. म्हणून बाबा उतरत नाहीत. नारळाच्या बुंध्याला टेकून, मांडीवर चुन्याचा भोपळा घेऊन, वर बसून राहतात.

मी खालून ओरडतो, "बाबा, उतरा."

"तू उतरलास ना? मग झालं."

"अहो, बॉम्ब पडेल."

"बॉम्ब आभाळातून पडतो. आभाळाला पाय नसतात. त्या खड्ड्यात बसलो तर सालेआची टाच माझ्या डोक्यावरून जाईल. सालेआची टाच तू पाहिलीस का?"

सालेआ आमच्याच तुकडीतला, आपल्या डोंगरापलीकडचा. तो म्हणाला, "म्हातारबा, टाच धुऊन येतो. मग तरी उतरा."

"टाच धुशील रे. पूर्वजांची समजूत कोण घालणार, तू?"

पूर्वजांना हाक मारणाऱ्याच्या डोक्यावरून पाय गेला तर पूर्वज पाठ फिरवतात आणि गावातली पोरे आजारी पडतात, हे तुला मी सांगायला नको. मी बाप्तिस्मा घेतलेला आहे. माझ्यापुरते ते धुऊन गेले. तुझे गेलेले नाही. बाबांच्या मागे त्या जागी तूच बसायचा आहेस. सगळे ठाऊक असूनही तू त्यांना धाडलेस.

साहेबाला एक शब्द सांग. म्हातारा आहे, परत पाठवा, एवढेच. तुझा शब्द तो ऐकतो असे तू सगळ्यांना सांगत असतोस. ऐकवून दाखव.

जोसाया

९ फेब्रुवारी १९४३

दादा,

तुझे उत्तर मिळाले. मास्तरांचे अक्षर सुंदर आहे. त्या अक्षरात तू लिहवून घेतलेस की सरकारी कागदावर चढलेले नाव मुखियाने कसे खोडावे, लोक काय म्हणतील, आणि मी बाबांची समजूत घालावी. बाबांची समजूत आजवर आईलाही घालता आली नाही. तू मात्र समुद्राच्या पलीकडून हे काम मला नेमून दिलेस. मुखियाचा सरकारी पट्टा कमरेला बांधला की माणसाला नेमून देण्याची सवय लागत असावी.

तुझ्या साहेबाबद्दल थोडे लिहितो. इथे आम्ही त्याला उकडलेला म्हणतो. उन्हात तो खेकड्यासारखा लाल होतो. जपानी येणार हे कळले तेव्हा हाच साहेब आपल्या लोकांच्या पाठीवर पेट्या लादून डोंगरात शिरला होता. एका पेटीत नुसत्या बाटल्या होत्या. ती सालेआने वाहिली. तो म्हणतो, "एकही फुटू दिली नाही मी. जन्मात एवढंच पाप केलंय." आता अमेरिकन फौज आली, जपानी मागे हटले, आणि उकडलेला डोंगरातून उतरून आमच्यावर कप्तान झाला. सकाळी रांगेत उभे करून आम्हाला धैर्यावर भाषण देतो.

अमेरिकनांत आपल्यासारखे काळे शिपाई आहेत. ते आमच्या शेजारी बसतात आणि एकाच डब्यातले खातात. त्यांनी आम्हाला सदरे दिले, पांघरुणे दिली. उकडलेल्याने ते सगळे गोळा केले, ढीग रचला आणि रॉकेल ओतून पेटवून दिला. म्हणाला, नेटिव्हांना वाईट सवयी लागतात. माझा सदरा त्यात होता. मी दोन दिवस तो घडी घालून ठेवला होता, मळेल म्हणून अंगात घातलाच नव्हता.

बाबा धुराकडे बघत होते. मला म्हणाले, "आपणही डुक्कर जाळतो. पण कुणाच्या तरी नावानं जाळतो. हा कुणाच्या नावानं जाळतोय, विचार त्याला."

"बाबा, तो मारेल."

"मग राहू दे. त्यालाही ठाऊक नसणार."

आता एक चांगले सांगतो, आणि ते तुझ्यामुळे झालेले नाही. सालेआने आणि आणखी चौघांनी काम संपल्यावर बाबांसाठी वेगळा खड्डा खणला. गुडघे पोटाशी घेऊन एकच माणूस बसेल एवढा. भोवती ओंडक्यांचे कुंपण घातले, म्हणजे धावतानाही कोणी वरून जाणार नाही. बाबांनी चारही बाजूंनी फिरून पाहिले. सालेआला म्हणाले, "कबरच केलीस की."

"आवडली नाही तर परत बुजवतो, म्हातारबा."

"राहू दे. तुझ्या टाचेपेक्षा बरी."

परवा भोंगा वाजला आणि बाबा आपल्या पायांनी त्यात उतरले. मला खंदकातून त्यांचे पांढरे केस दिसत होते. इथे आल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मी डोळे उघडे ठेवून खंदकात बसलो.

तेव्हा आता तुझ्याकडे काही मागत नाही. तू पट्टा सांभाळ.

जोसाया

२ मार्च १९४३

दादा,

मागणार नाही असे लिहिले होते. पुन्हा मागतो आहे. मास्तर, हे पत्र जरा जोरात वाचा.

उकडलेल्याने बाबांचा खड्डा बुजवला. स्वतः नाही, त्याचे हात असल्या कामाला लागत नाहीत. ज्यांनी खणला त्यांच्याकडूनच बुजवून घेतला. पाहणीला कोणी मोठा गोरा यायचा होता आणि तो खड्डा रांगेच्या बाहेर दिसत होता. दुभाष्याने समजावले की या म्हाताऱ्याला आपल्यात पवित्र मानतात, त्याच्या डोक्यावरून पाय जाऊ देत नाहीत. उकडलेला हसला. म्हणाला, "एका हमालाला खासगी खंदक? उद्या खुर्ची मागेल." त्याच्या स्वतःच्या खंदकात खुर्ची आहे, दादा. वेताची आहे. ती मीच आत ठेवली.

 माती लोटून झाल्यावर बाबा सालेआला म्हणाले, "घट्ट दाब. नाहीतर पावसात खचेल, मग पुन्हा तुलाच बोलणी." असे म्हणून पुन्हा नारळाला टेकून बसले. भोंगा वाजला की आम्ही खाली आणि ते वर.

मी त्यांना खूप बोललो. म्हणालो, "हा हट्ट आहे. तुमचे पूर्वज इथे नाहीत, ते तिकडे आपल्या मालैता बेटावर, कवट्यांच्या घरात आहेत. इथं कोण बघतंय?"

"तू बघतोस ना."

"मी नाही मानत हे."

"म्हणून तर तू निवांत खाली बसतोस. मी मानतो, म्हणून वर बसतो. यात भांडायचं काय आहे?"

दादा, नीट ऐक. अमावास्येच्या आसपास मजूर भरतीची बोट तुझ्या खाडीत येईल. उकडलेला त्या बोटीवर स्वतः असेल. तो तुझ्या ओसरीवर बसेल आणि तुझ्या हातचे खाईल. तेव्हा एकच वाक्य बोल. म्हातारा चुकून चढला, त्याच्या जागी दुसरा देतो. दुसरा म्हणून ओमाला दे. त्याच्या डोक्यावरून कितीही पाय गेले तरी पूर्वजांना फरक पडत नाही. वहिनीला वाईट वाटेल. तिला सांग, खंदकात सावली असते.

साहेबाला बोलायला लाज वाटत असेल तर ओमाला नुसता बोटीवर चढव. माणसे मोजून मिळाली की उकडलेला चेहरे बघत नाही. त्याला आम्ही सगळे सारखेच दिसतो. आयुष्यात एकदा तरी त्याच्या या मूर्खपणाचा उपयोग करून घे.

जोसाया

२३ मार्च १९४३

दादा,

बोट आली आणि गेली. फुनुने मला सगळे सांगितले. तू साहेबाला भाजलेले डुक्कर वाढलेस. अळकुड्या आणि नारळाच्या दुधातला मासा वाढलास. त्याने विचारले, काही तक्रार? तू उभा राहून म्हणालास, काही नाही. ओमाने पाने धुतली.

बाबा परवा गेले.

त्याच्या आदल्या दिवशीची दुपार होती. आम्ही किनाऱ्यावर पेट्या उतरवत होतो. भोंगा उशिरा वाजला, विमाने आधीच डोक्यावर आली होती. मी उडी टाकली. बाबा चालत नारळीपर्यंत गेले आणि बसले. खंदकातून मला दिसत नव्हते. पहिला बॉम्ब लांब पडला. दुसरा नारळीच्या रांगेत. वर आलो तेव्हा झाडाला शेंडा नव्हता आणि बाबा बुंध्याला टेकूनच होते. मांडीपासून खाली सगळे रक्त होते. चुन्याचा भोपळा फुटून ते छातीपासून कमरेपर्यंत पांढरे झाले होते.

दोन काळ्या शिपायांनी त्यांना डोलीत घातले. सालेआने हातवारे करून त्यांना सांगितले की यांच्या डोक्यावरून काही न्यायचे नाही, वरून वाकायचेही नाही. त्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि बाजूबाजूने चालत नेले. का, असे एकानेही विचारले नाही. तुझ्या उकडलेल्याला हे तोंडाने सांगून कळले नव्हते.

दवाखाना म्हणजे तंबू. तिथे बाबा दुसऱ्या दिवसापर्यंत होते. ताप चढला, पण डोके साफ होते. दुपारी मला म्हणाले, "अरुमाए आला का?"

मी म्हणालो, "नाही."

"बोट आली होती ना?"

"आली होती."

त्यांनी पुढे विचारले नाही. मीही सांगितले नाही. तू काय वाढलेस हे त्यांना ठाऊक न होताच ते गेले. तू मला आयुष्यभर एवढे देणे लागतोस.

मग म्हणाले, "कान इकडे कर."

"बाबा, मी धुतलेला आहे. मला नका सांगू."

"धुतलेला आहेस, पण कान आहेत ना? इथं दुसरा कोण आहे माझा? त्या सालेआला सांगू?"

सालेआ पायाशी बसला होता. तो उठला आणि तंबूच्या बाहेर गेला.

त्यांनी पहिल्या पूर्वजापासून नावे सांगायला सुरुवात केली. ती तुलाही येतात, मलाही येतात, लहानपणी कुडाला कान लावून आपण दोघांनी ऐकली आहेत. सगळ्यात शेवटी एक नाव असते, जे कुडापलीकडे कधीच ऐकू आले नाही. ज्याच्या नावाने डुक्कर जाळले तरच ते पोचते, ते. बाप मरताना पुढच्याच्या कानात सांगतो आणि तोवर एकच जण ते डोक्यात बाळगतो. ते त्यांनी मला सांगितले. माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले. दुसऱ्यांदा माझे चुकले तेव्हा चिडले. म्हणाले, "शाळेत काय शिकवतात तुम्हाला?" त्यानंतर फार बोलले नाहीत.

साहेबाने त्यांना इथल्याच मातीत पुरले. मी म्हणालो, आमच्यात यांची कवटी घरी न्यावी लागते. दुभाष्याला त्याचे भाषांतर करायची हिंमत झाली नाही. त्याने म्हटले, हा आभार मानतो. उकडलेल्याने माझ्या खांद्यावर थोपटले.

आईला तूच सांग. मास्तर, त्याला सांगू द्या. तुम्ही सांगू नका.

जोसाया

१३ एप्रिल १९४३

दादा,

तुझे पत्र मिळाले. मी ते तीनदा वाचले, चुकून माझाच गैरसमज होत असेल म्हणून. तसा तो होत नाही.

तू लिहवलेस की तुला फार दुःख झाले. हे मी मान्य करतो. पुढे लिहवलेस की गावात दोन पोरांना ताप आहे, आई रडते, लोक तुझ्या ओसरीवर येऊन बसतात आणि विचारतात, डुक्कर कधी जाळणार. तू एक जाळलेस. ताप गेला नाही. लोक म्हणू लागले, पोचले नाही. म्हणून ते नाव मी कागदावर लिहून पाठवावे, मास्तर ते तुझ्या कानात वाचतील आणि कागद जाळतील. मास्तर देवाचे माणूस आहेत, कोणाला सांगणार नाहीत.

मास्तर सांगणार नाहीत हे मलाही ठाऊक आहे. पण दादा, जे नाव बापाने रक्त जात असताना कान जवळ घेऊन दिले, ते तू चौथ्या हाताने, घरबसल्या, मिशनच्या मास्तरांच्या तोंडून मागवतोस. मीठ-साबण मागवावा तसे. एवढा आळस मी उकडलेल्यातही पाहिला नाही. तो निदान बाटल्या मोजायला स्वतः उठतो.

लिहिणार नाही. फुनुकरवी सांगूनही पाठवणार नाही. माझी मुदत डिसेंबरपर्यंत आहे. मी रजा मागितली होती. साहेब म्हणाला, बाप मेला ना, मग आता घाई कसली. तेव्हा मला येता येत नाही. तुला येता येते. महिनाअखेरीला भरतीची बोट तुझ्या खाडीत येईल. पट्टा काढून दारात ठेव, आणि दुसऱ्या कोणाच्या आधी स्वतःचे नाव सांग. दात चांगले आहेत तुझे, डॉक्टर घेईल. इथे ये, पिंपे लोट, रांगेत उभा राहून धैर्यावरचे भाषण ऐक. मग आपण त्या शेंडा नसलेल्या नारळाखाली बसू आणि मी तुझ्या कानात सांगेन. त्यानंतर मला तुझ्याशी बोलायचे नाही.

पोरांचा ताप मला नको आहे. तुझ्यावरचा सूड त्यांच्यावर उगवावा असे मला वाटत नाही, म्हणून सांगतो, उशीर करू नकोस. आणखी एक कारण आहे. ते लिहावे की नाही याचा मी सकाळपासून विचार करतो आहे.

मागच्या आठवड्यात फार मोठी धाड आली. भोंगा वाजला. सगळे धावले, मीही धावलो. खंदकाच्या कडेला पोचलो आणि थांबलो. खाली माणसे दाटली होती, मागून आणखी येत होती. आता ते नाव माझ्या डोक्यात आहे. माझे नाही, मी मानत नाही, मी रविवारी प्रार्थनेला जातो आणि तिथे मन लावून बसतो. पण ठेवायला दिलेल्या वस्तूवरून आपण कोणाला चालू देत नाही. ती आपली असो वा नसो.

सालेआ खालून म्हणाला, "काय रे, पायाला मुळं फुटली? उतर."

मी म्हणालो, "जागा नाही."

"तुला कधीपासून जागा लागायला लागली? माझ्या मांडीवर बसायचास."

"आज नको."

तो वर बघत राहिला. मग त्याला समजले. तो शिवी देऊन अंगावर धावून येईल असे वाटले, पण तो नुसता खाली सरकला आणि बाजूच्याला म्हणाला, "त्याच्याकडे बघू नकोस."

मी बाहेर बसलो. बाबांसारखे मला जमत नाही. ते टेकून बसायचे, मी झाडाला दोन्ही हातांनी मिठी मारतो आणि डोळे मिटतो. दात वाजतात. परवा पुन्हा भोंगा झाला आणि मला तिथेच लघवी झाली. मास्तर, हेही वाचा. रोज मी ते नाव मनात म्हणून बघतो, चुकत नाही ना म्हणून. चुकत नाही.

ते एका डोक्यात आहे, दादा, आणि ते डोके खंदकाच्या बाहेर आहे.

आज इथे आभाळ निरभ्र आहे. विमाने अशाच दिवशी येतात.

जोसाया